गव्हाच्या ओलितात पाहिलेली दीर्घिका: एनजीसी १३६५ आणि तिचा दांड

पराटीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचं वावर दारव्हा तालुक्यात. बहुतेक कोरडवाहू, विहिरीखालच्या दोन एकरांत गहू. या आठवड्यात लाईन रात्री दहानंतरची, म्हणून ओलीतही रात्रीच. आम्ही दोघं असतो, मी आणि माझे मोठे बाबा. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, पण दांड, म्हणजे वाफ्यांकडे पाणी नेणारी चारी, फोडायला फावडं दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

मागच्या वर्षी आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून आठ इंची डॉबसोनियन दुर्बीण घेतली. शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ हे सगळं गावातल्या पोरांना दाखवून झालं. परवा अमावास्या होती, धुकं नव्हतं, म्हणून दुर्बीण बैलबंडीत टाकून वावरात नेली. लाईन यायला तासभर होता आणि मला एकच गोष्ट बघायची होती, एनजीसी १३६५.

ही एक दंडसर्पिल दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. साध्या सर्पिल दीर्घिकेत केंद्रातूनच बाहू निघतात. हिच्या केंद्रातून आरपार एक लांब सरळ पट्टा जातो आणि त्याच्या दोन टोकांपासून दोन बाहू वळतात. अंतर सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षं, रुंदी सुमारे २ लाख प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या, आकाशगंगेच्या, साधारण दुप्पट. अश्मंत नावाच्या तारकासमूहात आहे. मृगाच्या पायाशी राजन्य तारा, तिथून नैऋत्येला मंद ताऱ्यांची यमुना वळणं घेत क्षितिजाकडे उतरते. तिच्या एका वळणाच्या पोटात अश्मंत. नुसत्या डोळ्यांना तिथलं आकाश जवळजवळ रिकामंच.

तीन मंद ताऱ्यांचं एक त्रिकूट आहे, ते हाती लागायला वीस मिनिटं गेली. तिथून दुर्बीण पूर्वेकडे जराशी सरकवली. आधी काहीच दिसेना. मग मधोमध एक धुरकट ठिपका आला. डोळा थोडा बाजूला नेऊन तिरप्या नजरेनं पाहिलं तेव्हा ठिपक्याच्या दोन्ही अंगांना फिकट पट्टा उमटला. सरळ पाहायला जावं तर विरून जायचा, नजर हलवली की परत यायचा. फोटोतले रंग नाहीत, बाहूंचा तो पसारा नाही. पण पट्टा होता. मी थंडीत उभा राहून तो पाहत होतो आणि माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मोठ्या बाबांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. म्हणाले, "कोणी चुन्याचं बोट पुसल्यावानी दिसते."

मी मोबाईलवर फोटो दाखवला आणि म्हटलं, या मधल्या पट्ट्याला दंड म्हणतात. त्यांनी ऐकलं 'दांड'. लगेच विचारलं, "मंग याच्यात पाणी येते कोठून अन् जाते कोठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात लाईन आली, मोटर लावली. रात्रभर घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून वाफ्यामागून वाफा भरताना तोच प्रश्न डोक्यात. सकाळी घरी येऊन वाचायला बसलो तर असं दिसतंय की त्यांनी ऐकलं तेच खरं असावं. या पट्ट्यातून वायू खरोखरच केंद्राकडे वाहत जातो म्हणे. जाणकारांनी सांगावं, मला नीट समजून घ्यायचंय.

रानवारा

पूर्ण धागा दोनदा वाचला. माझं माहेर पुसदकडचं. वडील रात्रीच्या ओलिताला जायचे तेव्हा आई कंदील लावून ओसरीत बसून राहायची, त्याची आठवण आली. रात्रीच्या वावरात साप, रानडुकरं आणि थंडी एवढंच आम्ही ऐकत आलो. तिथून दीर्घिका पाहता येते हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

एक शंका. आठ इंची दुर्बिणीतून एवढं लांबचं खरंच दिसतं? आमच्या ठाण्यातून तर मृगाचेही चारच तारे दिसतात.

पेंचची_वाट

दिसतं, पण अंधार हवा. दीर्घिकेचा उजेड पसरट असतो, तो आकाशाच्या उजेडात आधी बुडतो. शहरात दुर्बीण कितीही मोठी नेली तरी हा पट्टा हाती लागणं कठीण.

आमच्या भागाचं सांगते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिलाच. त्यासाठी जंगलालगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली जमिनीकडे वळवला. दिवे विझवले नाहीत, फक्त वर जाणारा उजेड अडवला. पोरंबाळं पूर्वीसारखीच रात्री दुकानात जातात आणि आकाश मात्र उघडं झालंय. मला हे काम फार मोलाचं वाटतं. दारव्ह्याकडच्या वावरात हा अंधार आपोआप मिळतोय, तो जपा. गावात उंच खांबांवरचे पांढरे दिवे येणार असतील तर ग्रामसभेत आत्ताच बोला, खांब उभे राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

अमरावतीचे_सर

पराटीवाला, मोठ्या बाबांना माझा नमस्कार सांगा. या विषयावर मी बरीच वर्षं शिकवलं, पण 'येते कोठून अन् जाते कोठं' असं एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही.

आधी एक गैरसमज काढू. दंड म्हणजे घट्ट दांडा नव्हे. त्यात अब्जावधी तारे आहेत आणि ते केंद्राभोवती काकडीसारख्या लांबट कक्षांमध्ये फिरतात. या लांबट कक्षा एका दिशेनं लागल्या की दुरून सलग पट्टा दिसतो. एखादा तारा पट्ट्याच्या टोकाशी जातो, परत मध्याकडे येतो, पलीकडे जातो. पट्टा मात्र आपला आकार धरून स्वतःच्या चालीनं फिरत राहतो. या दीर्घिकेची एक फेरी साधारण ३५ कोटी वर्षांची.

आता वायूचं. केंद्राभोवती फिरणारा वायू आपणहून आत पडत नाही, जसा चंद्र पृथ्वीवर पडत नाही. आत यायचं तर फिरण्याचा जोर, ज्याला आम्ही कोनीय संवेग म्हणतो, कुठंतरी टाकावा लागतो. ताऱ्यांना ते जमत नाही. ताऱ्यांमध्ये जागाच एवढी आहे की ते न आदळता एकमेकांजवळून निघून जातात. वायूचे ढग मात्र आदळतात. दंडात शिरलेला वायू दंडाच्या पुढच्या कडेशी आदळतो, दाबला जातो, जोर गमावतो आणि केंद्राकडे घसरतो. मोठ्या दुर्बिणींच्या फोटोत दंडाच्या अंगानं दोन काळ्या रेघा दिसतात. तो दाबला गेलेला वायू आणि त्याच्यासोबतची धूळ. म्हणजे अख्खा पट्टा दांड नव्हे, त्या दोन काळ्या रेघा खऱ्या दांड.

वावरात पाण्याला उतार लागतो. इथं उतार आधीपासूनच आहे, केंद्राचं गुरुत्वाकर्षण. अडचण होती फिरण्याची, ती दंड दूर करतो. मोठ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर असं की वायू येतो बाहेरच्या बाहूंकडून आणि जातो केंद्राकडे. पण सगळा एकदम अगदी मध्यातल्या कृष्णविवरात नाही. आधी केंद्राभोवती कड्यासारखा साचतो आणि तिथं नव्या ताऱ्यांचे मोठमोठे पुंजके तयार होतात. त्यातला थोडाच अंश पुढे अगदी मध्यापर्यंत पोचतो.

लाडबोरीकडचा

सर, एक विचारू? २ एप्रिल २०२२ ला गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आमच्या सिंदेवाही तालुक्यात आकाशातून जळत काहीतरी आलं आणि लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. रॉकेटचा तुकडा होता. तेव्हापासून आमची आजी आकाशातल्या कशाचंही नाव काढलं की आधी विचारते, ते पडणार तर नाही ना? मी तिला ही दीर्घिका दाखवली फोटोत. तिनं कृष्णविवराचं ऐकलंय टीव्हीवर. तिला काय सांगू?

अमरावतीचे_सर

आजीला निर्धास्त राहायला सांगा. ते कडं माणसानं बनवलेलं होतं आणि पृथ्वीभोवतीच फिरत होतं, म्हणून खाली आलं. ही दीर्घिका इतकी लांब आहे की तिचा उजेडच ५.६ कोटी वर्षं चालून इथं पोचतोय, आणि उजेड एका वर्षात सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर जातो.

तिच्या मध्यातलं कृष्णविवर सुमारे २० लाख सूर्यांच्या वजनाचं आहे. २०१३ मध्ये नूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन अवकाश दुर्बिणींनी त्याच्याजवळून येणारे क्षकिरण तपासले, तेव्हा ते जवळजवळ कमाल वेगानं स्वतःभोवती गरगरत असल्याचं दिसलं. पण त्याची ओढ त्याच्या आजूबाजूपुरतीच. त्याच दीर्घिकेच्या बाहूंमधल्या ताऱ्यांनाही त्याच्यापासून धोका नाही.

पुण्यातला_अकोटकर

सुरेख धागा. मला अंतराबद्दल विचारायचं होतं, ५.६ कोटी हे मोजलं कसं? पट्टी तर लावता येत नाही.

आणि अजून एक. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक फार लांबची सर्पिल दीर्घिका शोधली, तिचं नाव अलकनंदा ठेवलं. विश्व साधारण १५० कोटी वर्षांचं असतानाची. आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण, म्हणून ते नाव. बातमी वाचून मला फार अभिमान वाटला. तेवढ्या जुन्या काळात दंडही होते का?

अमरावतीचे_सर

अंतर सेफीड नावाच्या ताऱ्यांवरून. हे तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. ज्याचा फेरा लांब, तो मुळात जास्त तेजस्वी. हे नातं हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडलं. हबल दुर्बिणीनं १९९० च्या दशकात एनजीसी १३६५ मधले असे तारे सुटे ओळखले आणि त्यांचे फेरे मोजले. खरं तेज कळलं, दिसणारं तेज समोर आहे, मग अंतर निघतं. रात्री दूरवरच्या मोटारसायकलचा दिवा किती लांब आहे याचा अंदाज आपण असाच करतो, कारण जवळून तो किती उजेड देतो हे ठाऊक असतं.

दंडाचं म्हणाल तर होते, आणि त्याचंच आश्चर्य आहे. दंड तयार व्हायला दीर्घिकेची तबकडी शांत, स्थिरावलेली लागते. पूर्वीच्या काळी दीर्घिका एकमेकींवर आदळत होत्या, वायूनं खदखदत होत्या, त्यामुळे दंड फार उशिरा आले असावेत असा समज होता. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सीअर्स-२११२ या दीर्घिकेचा शोध प्रसिद्ध झाला. तीही जेम्स वेबनंच टिपली. विश्व सुमारे २१० कोटी वर्षांचं असताना तिच्यात दंड तयार होता. म्हणजे काही दीर्घिका आपल्या अंदाजाच्या कितीतरी आधी स्थिरावल्या.

आपल्या आकाशगंगेलाही दंड आहे बरं का. स्पिट्झर दुर्बिणीनं २००५ मध्ये तो नीट दाखवला, लांबी सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं. आपण तबकडीच्या आतूनच पाहतो आणि मधे धुळीचे पडदे, म्हणून तो कळायला इतका वेळ लागला.

पराटीवाला

सर, तुमचं उत्तर मी काल रात्री वावरात मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. दोन काळ्या रेघांचं ऐकून त्यांनी मान हलवली. कड्यासारखा वायू साचतो हे ऐकून म्हणाले, "म्हंजे तो वाफा झाला."

मग थोड्या वेळानं मोटरचं पाणी दुसऱ्या वाफ्याकडं वळवताना त्यांनी एक गोष्ट काढली, ती जशीच्या तशी लिहितो. "पण दांडात कई गहू येते का? पाणी पळते तेथं दाणा टिकत नायी. मंग त्या दांडात चांदण्या कशा आल्या?"

सर, याचं उत्तर द्या. मला सुचलं नाही.

एक माझंही सांगतो. आमच्या विहिरीत तीस फुटांखाली काळा पाषाण लागतो. तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे परवा डोळ्यात शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा विहिरीतला हा दगड निवून जवळजवळ एक कोटी वर्षं झाली होती. आमची काळी माती त्याच दगडाची. मी काल विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून हा हिशेब केला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिलो.

रानवारा

"दाणा टिकत नायी." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

अमरावतीचे_सर

पराटीवाला, मोठे बाबा कुठल्या शाळेत शिकले ते मला माहीत नाही, पण त्यांनी नेमका मुद्दा धरला आहे. अशा ठळक दंडांमध्ये त्या काळ्या रेघांच्या आत नवे तारे खरोखरच कमी जन्मतात. वायू तिथं भरपूर आहे, दाबलेलाही आहे, पण शेजारशेजारचे थर इतक्या वेगवेगळ्या वेगांनी पळतात की ढग ताणला जातो, फाटतो. त्याला गोळा होऊन तारा व्हायला उसंत मिळत नाही. तोच वायू पुढे कड्यात पोचून थबकला की ताऱ्यांचं पीक येतं. दंडाच्या टोकांशी आणि बाहूंमध्येही येतं.

मग दंडात दिसणारे तारे कुठले? ते बहुतेक जुने, इतरत्र जन्मलेले आणि दंडाच्या लांबट कक्षांमध्ये सापडलेले. म्हणून फोटोत दंड पिवळसर दिसतो आणि बाहू निळसर. निळे तारे तरुण असतात. पुढच्या वेळी त्यांना रंगीत फोटो दाखवा, पीक कुठं आहे आणि दांड कुठं आहे हे त्यांना रंगावरून ओळखता येईल.

आणखी एक, कारण आपल्या लोकांना हे क्वचित सांगितलं जातं. ही दीर्घिका १८२६ मध्ये जेम्स डनलॉप यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटाहून शोधली. युरोपातल्या नामांकित निरीक्षकांच्या यादीत ती नाही, कारण पॅरिसहून ती क्षितिजापासून जेमतेम ५ अंश वर येते आणि लंडनहून तर २ अंश. दारव्ह्याहून ती साधारण ३३-३४ अंशांवर येते. दक्षिणेकडचं आकाश आपल्याकडे जास्त आहे, ही आपली श्रीमंती.

दिग्रसचा_राजू

दादा, दिग्रस काही लांब नाही. मी आणि माझी आठवीतली पोरगी येऊ का एका रात्री? ती दोन दिवसांपासून हाच धागा वाचतेय.

पराटीवाला

राजूभाऊ, नक्की या.

सर, मोठ्या बाबांना उत्तर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आज पुन्हा दाखव." नऊच्या सुमारास दुर्बीण लावली. डोळ्याच्या भिंगावर दव धरत होतं, दुपट्ट्याच्या टोकानं दोनदा पुसलं. या वेळी त्यांना तिरप्या नजरेनं पाहायला शिकवलं. दहा-बारा मिनिटं डोळा हलवला नाही. त्यानंतर फावड्याच्या कोपऱ्यानं ओल्या मातीत एक सरळ रेघ ओढली, मधे अंगठ्यानं खळगा केला आणि एका टोकाला आकडा वळवला. दुसऱ्या टोकाला वळवला नाही. मी म्हटलं, फोटोत तर दोन्हीकडे आहे. म्हणाले, "फोटोत असन. मले एकाच अंगाचं दिसलं, तेवढंच काढलं."

मलाही पहिल्या रात्री एकाच टोकाची शेपटी दिसल्यासारखी वाटली होती. खात्री नव्हती म्हणून मी ती धाग्यात लिहिलीच नाही, त्यांनाही सांगितली नव्हती.

त्या चित्राचा सकाळी फोटो काढायचा ठरवलं होतं. रात्रीतून बाजूचा वाफा फुटला आणि पाणी तिकडं गेलं. उजाडल्यावर पाहिलं तर रेघ पाण्यानं भरलेली होती, खळगाही, आकडाही. तसाच फोटो काढलाय, नेटवर्क मिळालं की इथं टाकतो.

राजूभाऊ, चंद्र मोठा व्हायच्या आत या, म्हणजे येत्या तीन-चार रात्रींत. साडेआठपर्यंत पोचा, दहाला लाईन आली की आम्ही दोघंही पाण्यामागं असू. पोरीला स्वेटर आणि गमबूट घालून आणा, धुऱ्यावर दव फार असतं. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद बांधा आणि मोबाईल खिशातच ठेवा, अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. नाहीच जमलं तर मे महिन्यात या. तेव्हा ओलीत नसतं, अंगणात बाजा टाकलेल्या असतात आणि चित्रेच्या खाली दक्षिणेला वासुकीत एम ८३ असते. ती १.५ कोटी प्रकाशवर्षांवर, हिच्यापेक्षा जवळ आणि उजळ, साध्या द्विनेत्रीतूनही धुरकट ठिपका दिसतो. तिच्यातही दंड आहे. मोठ्या बाबांनी तिचं नाव आत्ताच विचारून ठेवलंय.